टीव्हीवर राहिलेला दादा

१२ ऑगस्ट

आज टीव्ही बंद केला! रुद्रेशदादाला माती दिली त्या दिवसापासून चालूच होता. त्यावर एकच चित्र — उदगीरच्या लग्नातला दादा, हसताना. फ्रेम येईपर्यंत भेटायला येणाऱ्यांनी नमस्कार कशापुढं करायचा, म्हणून मोबाईलवरून लावलं होतं. आत्यानं टीव्हीलाच हार घातला. काचेवर विभूतीची तीन बोटं ओढली. मी रिमोट हातात घेतला की म्हणायची, "लेकराचं तोंड विझवतोस व्हय रे, संगमेश?"

आज फ्रेम आली. कोरड्या फडक्यानं विभूती पुसली. पाणी लावलं नाही.

१३ ऑगस्ट

भीती होती तेच झालं. बातम्या लावल्या तर बातम्या सांगणाऱ्या बाईच्या मागे दादा! फिकट आहे, पण आहे. कपाळ, गाल, दात. अप्पा जेवता जेवता उठले. ताट तसंच राहिलं.

१४ ऑगस्ट

टीव्ही दुरुस्तीच्या दुकानात गिऱ्हाइकांना मीच सांगत असतो — एकच चित्र फार वेळ ठेवू नका, ब्राइटनेस कमी ठेवा, मधून मधून बंद करा. दवाखान्यातल्या टीव्हीवरच्या नंबरांचे, चॅनेलच्या चिन्हांचे पडद्यावर उमटलेले ठसे काढलेत मी. माणसाचा कधी काढला नाही.

मालक शेषेरावकाकांना सांगितलं. म्हणाले, "एलसीडी हाय, जातंय ते. पांढरा पडदा चालू ठेव. मग हलते रंग." पुन्हा स्क्रू फिरवायला लागले. जरा वेळानं — "पर घाई कशाला करून राहिलास?"

१६ ऑगस्ट

आई दिवसभर टीव्हीसमोर. आवाज बंद. उदगीरचा फोटो मोठा केला की फाटतो म्हणून फ्रेमवाल्यानं भरतीच्या अर्जावरचा बसवला. ताठ मान, मिटलेले ओठ.

"भिंतीवरचा माझ्याकडं बघत न्हाई," आई म्हणाली. "ह्यो बघतोय."

अप्पांनी मला अंगणात बोलावलं. "काढ ते."

"अप्पा, आईला —"

"न्हाई बघवत मला! बातम्यात पोरगा, किरकेटमधी पोरगा. एकदा नेऊन ठिवलाय त्याला. रोज रोज कसा नेऊ?"

१८ ऑगस्ट

आत्या आईला अर्धापूरला घेऊन गेली. अप्पांनीच सांगितलं होतं. आईला वाटलं, हवापालट.

पांढरा पडदा लावला. पांढऱ्यावर दादा आधीपेक्षा ठळक दिसायला लागला! मी पाठ करून बसलो.

१९ ऑगस्ट

कपाळ गेलं. एक गाल गेला.

२० ऑगस्ट

हलते रंग लावलेत. दात अजून आहेत. शेवटपर्यंत हसूनच राहिलाय. दादा, जा ना रे आता.

२१ ऑगस्ट

निघालं. लाल, हिरवा, निळा, करडा — सगळ्या रंगांवर तपासलं. कुठंच नाही. पॅनल अगदी स्वच्छ. काम चांगलं झालं.

असं लिहायला नको होतं.

२३ ऑगस्ट

आई आली. पिशवी खाली ठेवायच्या आधी टीव्ही लावला. एक चॅनेल, दुसरं, तिसरं. पदरानं काच पुसली, परत बघितलं. मग बंद केला आणि अर्धापूरहून आणलेली केळी परातीत काढून ठेवायला लागली. मी उत्तर तयार ठेवलं होतं — आपोआप जातं, आई, असं. तिनं विचारलंच नाही. अप्पांकडेही बघितलं नाही.

२५ ऑगस्ट

आईनं टीव्ही परत लावला नाही. अप्पांनी दोनदा लावून दिला, "बघ की, तुझी मालिका लागलीय." ती उठून आत गेली.

२६ ऑगस्ट

आई मठात गेली होती. अप्पांनी त्यांचा मोबाईल माझ्यापुढं धरला. उदगीरचा फोटो.

"टीव्हीवर लाव."

"अप्पा, परत उमटेल."

"ती यायच्या आत उमटंल का?"

"एवढ्यात नाही उमटत."

"मग ऱ्हाऊ दे चालू. लागू दे किती बी दिस."

लावला. ब्राइटनेस पूर्ण वर नेला.