ताट नाही तर सुई नाही

प्रिय सुजे,

चौदा महिन्यांत तुला एक ओळ लिहिली नाही. लिहायला बसले की पहिल्याच ओळीत खरं लिहावं लागणार, म्हणून बसतच नव्हते. पण काल दुपारी आपल्याकडं एक बाई आली, पलीकडच्या वस्तीवरची. तिच्या नऊ वर्षांच्या मुलीला तुझाच आजार निघालाय. नर्सबाईंनी तिला सांगितलं म्हणे, रत्नाकडं जा, ती बीएस्सी झालीय, सुई द्यायला नीट शिकवेल. माझ्याकडं पाठवलं, सुजे!

तिला शिकवायच्या आधी मला तुझ्यापाशी कबूल करायचंय. आणि मग आबांपाशी.

आपली सकाळ कशी सुरू व्हायची, आठवतं? नळीत निळं औषध, त्यात तुझ्या लघवीचे आठ थेंब, आणि नळी स्टोव्हवर. रंग निळा राहिला तर बरं, हिरवा म्हणजे ठीक, विटकरी झाला की आई कपाळाला हात लावायची. तू दात घासता घासता विचारायचीस, "ताई, आज पास का नापास?" इन्सुलिनची बाटली माठाच्या गळ्याला ओल्या फडक्यात बांधलेली असायची, कारण फ्रिज गावात एकाच घरी होता आणि तिथं रोज जायला तुला आवडत नव्हतं. कारखान्याचा भोंगा झाला की म्हणायचीस, "लोकांचा साखर कारखाना सहा महिने चालतो, माझा बारमाही."

एकदा तू मला म्हणालीस, तू सायन्सवाली ना, मग अशी एक डबी बनव, कमरेला बांधली की औषध आपोआप जाईल. आणि तो रंगही नको, घड्याळात बघावं तसं बघितलं की साखर किती ते कळावं. मी हसले. असं काही कधी असतं का, म्हणाले. मला तेव्हा वाटायचं, जे मला माहीत नाही ते नसतंच.

मग ती कवायतीची सकाळ. तू सुई घेतलीस आणि भाकरीवर रुसून तशीच शाळेत गेलीस. मैदानावर साखर उतरून पडलीस. मास्तरांनी गालात गूळ धरला म्हणून वाचलीस. त्या दिवशी मी स्वयंपाकघराच्या भिंतीवर खडूनं लिहिलं, "ताट नाही तर सुई नाही." आईला वाचता येत नाही, म्हणून तिच्याकडून दहा वेळा म्हणून घेतलं. डॉक्टरांना विचारलं नाही. घरातली पहिली पदवीधर मी, एवढं साधं काय विचारायचं?

हा नियम मी केला, सुजे. आईनं नाही.

मी बीएडच्या परीक्षेला पुण्याला गेले त्या आठवड्यात तुला उलट्या सुरू झाल्या. आत्या म्हणाली, पोट बिघडलंय, लंघन करा, दोन दिवस पोटात काही जाऊ देऊ नका. आपल्याकडं ताप-उलटीला हेच करतात, पिढ्यान् पिढ्या. तुझं ताट बंद झालं. म्हणून सुईही बंद झाली.

पुढचं मला आत्यानं सांगितलं. आई रोज नळी तापवत होती. रोज विटकरी. तू घागरभर पाणी पीत होतीस आणि श्वास असा ओढत होतीस, जसं कुणी डोंगर चढतंय. तिसऱ्या दिवशी तू स्वतः म्हणालीस, "आई, सुई दी की गं." आईनं सुई उकळूनही ठेवली होती. पण म्हणाली, "ताईनं सांगितलंया, ताट न्हाय तर सुई न्हाय. दोन घास खा, मग देती." तू घास घेतलास. तो बाहेर आला.

तुला शरीराचं कळत होतं ना? मग आईशी भांडली का नाहीस? माझ्याशी तर चहातल्या अर्ध्या चमचा साखरेवरून भांडायचीस! की तुलाही वाटलं, ताई सांगते म्हणजे खरंच असणार?

बारामतीच्या दवाखान्यात नेईपर्यंत उशीर झाला होता. सुई कुणी बंद केली, असं डॉक्टरांनी विचारलं. आई म्हणाली, "म्याच." आबांनी तेवढंच ऐकलं. त्या दिवसापासून ते आईशी बोललेले नाहीत. एमआयडीसीतून ड्युटी करून येतात आणि मला म्हणतात, तिला सांग, वाढ. तू गेल्यावर तुझ्या पुण्यानुमोदनाला सगळं विहार भरलं होतं, तेव्हाही ते तिच्यापासून लांब बसले.

दहा-बारा दिवसांनी मी एकटी डॉक्टरांकडं गेले. त्यांनी समजावलं, की आजारपणात जेवण सुटलं तरी ही सुई पूर्ण बंद करायची नसते, उलट तेव्हाच डॉक्टरांना गाठून डोस विचारायचा असतो. मी घरी आले, भिंतीवरचा खडू ओल्या फडक्यानं पुसला आणि गप्प बसले. चौदा महिने. शाळेत मुलांना खरं बोला म्हणून शिकवते गं मी!

काल ती बाई निघाली तेव्हा आई चुलीपासून उठून दारात आली. म्हणाली, "रत्ने, हिला पयलं ह्ये सांग. पोरगी आजारी पडली, जेवली न्हाय, तरी सुई बंद करायची न्हाय. तडक डाक्टर गाठायचा."

बाई गेल्यावर मी विचारलं, तुला कधी कळलं?

"डाक्टरांनी तवाच सांगितलं की."

मग नियम माझा होता, हे आबांना का सांगितलं नाहीस? तिनं परातीतलं पीठ मळायला घेतलं. म्हणाली, "माझ्यावर राग धरून त्ये जेवत्यात तरी. तुझ्यावर धरला आस्ता तर जेवलं नसतं. आन् तूबी न्हाय." थोड्या वेळानं म्हणाली, आता सांगू नकोस, झालं ते झालं, मला सवय झालीय.

सुजे, तिला सवय झालीय, आणि ती मी होऊ दिली.

आई नको म्हणाली तरी आज मी तिचं ऐकणार नाही. संध्याकाळी आबा आले की आईला समोर बसवून सांगणार आहे, की सुजानं सुई मागितली होती, आई द्यायला तयार होती आणि तिचा हात माझ्या नियमानं धरला. ते काय करतील ठाऊक नाही. उद्या सकाळी वस्तीवर जाऊन त्या बाईलाही हेच सांगेन, तुझं नाव घेऊन, माझं नाव घेऊन. आणि या घरात कुणाला अबोला सोसावाच लागला, तर यापुढं तो मी सोसेन.

तुझी चुकलेली ताई,
रत्ना