बाबांना विचारून सांगते

लाडक्या आईस, दुरूनच तुझ्या पायांना हात लावते.

मी मजेत आहे. जेवणही वेळेवर होतं, म्हणजे बहुतेकदा.

अगं, आज तत्त्वज्ञानाच्या तासाला गंमतच झाली! माणूस स्वतंत्र कधी होतो, यावर बाईंनी माझं मत विचारलं आणि मी पटकन बोलून गेले, "बाबांना विचारून सांगते." वर्गात हसून हसून मुरकुंडी! बाई म्हणाल्या, "मग उद्यापासून बाबांनाच पाठव."

मग काय, अशी तावातावाने बोलले की बाईंचंही म्हणणं खोडून काढलं. त्या चक्क खूश झाल्या!

बाबांचा खोकला कसा आहे?

पुढचं शिक्षणही इथेच घ्यायचं मी ठरवलंय. तुला काय वाटतं? बाबांना न विचारता कळव.

तुझीच,
आगाऊ लेक