इथेही शेंबडीच

ती. आईस, लांबूनच पाया पडते.

माझी तब्येत ठणठणीत आहे, खोलीही उबदार आहे, तेव्हा काळजी नको. तुझा गुडघा कसा आहे? धाकटी रोज तेल चोळून देते म्हणे. देऊ दे. फोनवर तू तिचंच कौतुक करतेस, मी ऐकते.

आता माझं ऐक. आमच्या प्रयोगशाळेच्या टाकीत एक समुद्री गोगलगाय आली. शंख नाही, अंग निळंशार, पाठीवर श्वास घ्यायचा केशरी तुरा. सगळे म्हणाले, ही नेहमीचीच जात. मी म्हटलं, थांबा, काठ बघा. त्या जातीला नुसता पिवळा काठ असतो, हिला पिवळ्याच्या बाहेर पांढराही आहे. शिवणकाम करणाऱ्या बाईची लेक ना मी! भिंग लावलं, पुस्तकं काढली, आणि माझंच खरं ठरलं.

साहेब खूश. म्हणाले, "तुमच्या भाषेत हिला काय म्हणतात?" बिनशंखाच्या गोगलगायीला आपण म्हणतो तेच तोंडातून गेलं: शेंबडी.

झालं! टाकीवर मोठ्या अक्षरांत तेच लागलं. लहानपणी नाक गळायचं म्हणून धाकटीला पडलेलं नाव! आता येणारा-जाणारा म्हणतो, "काय सुंदर आहे शेंबडी!" घरीही तीच, इथेही तीच.

धाकटीला एवढं मात्र सांग, की मासे शेंबडीला तोंडात घेतात आणि कडू लागते म्हणून लगेच थुंकतात.

गोगलगायीचा फोटो पाठवतेय. कपाटावर तिच्या फोटोशेजारी ठेव. कोणी "किती सुंदर" म्हणालं, तर आधी सांग, ओळखली कोणी ते.

तुझीच, आणि तिच्याही आधीपासूनची,
थोरली