यादीत नसलेली पिशवी

नागापूर,
रविवार, ४ फेब्रुवारी १९७३

प्रिय नीलू,

हे पत्र आमच्या घरी न पाठवता तू शिकवतेस त्या शाळेच्या पत्त्यावर पाठवते आहे. आधी एक चूक दुरुस्त करायची आहे, आणि ती ओट्यावर शेजारच्या भागूबाई कान देऊन बसलेल्या असताना दुरुस्त करण्यासारखी नाही. मागच्या पत्रात मी लिहिलं होतं की आईच्या पोटावर बांधायच्या रबरी पिशव्या कंपनीच्या कामगार मदत फंडातून मिळाल्या. त्या मिळाल्या नाहीत. मी शिवल्या. चारही. तू ते पत्र आईला वाचून दाखवलंस, आणि तू वाचताना एक शब्द इकडचा तिकडे करत नाहीस, म्हणजे माझं खोटं मी तुझ्या तोंडून बोलवलं. आईशी खोटं बोलले त्याच्याइतकंच हेही मला लागून राहिलं आहे.

का बोलले ते सांगते. पुण्याला आईच्या आतड्यातली गाठ काढली, शौचाची नेहमीची वाट बंद करून पोटाच्या डाव्या अंगाला तोंड काढलं, हे आमच्या घराबाहेर फक्त तुला ठाऊक आहे. डॉक्टर म्हणाले, ही बाई अजून वीस वर्षं जगेल, फक्त पोटावर पिशवी लागेल. निघताना त्यांनी एक पिशवी दिली. ती दिवाळीपर्यंत कशीबशी टिकली. मग चिंध्या आल्या. तुला नऊवारीचं वेगळं सांगायला नको. निऱ्या खोचून गाठ मारायची ती नेमकी त्या तोंडावरच येते. आई गाठ उजवीकडे घ्यायला लागली तर भागूबाई म्हणाल्या, “मालन, आता उलटं लुगडं नेसतीस व्हय? लेक कंपनीत गेली अन् आईची फॅशन निघाली!” आई हसली. माझी आई अशा वेळी नेहमी हसते.

मी म्हटलं होतं, मी पिशव्या शिवून आणते. तर तिनं माझा हातच धरला. “लेकीच्या हातनं असलं काम करून घेऊन मी कुटं फेडू? सरकारनं दिली तर घीन, कंपनीनं दिली तर घीन. तू ह्याला हात लावायचा न्हाई.” म्हणून मी कंपनीचं नाव घातलं. आणि तिनं त्या घेतल्या ग, दोन्ही हातांनी घेतल्या. उलट मलाच निरोप पाठवला की तुझ्या साहेबांच्या पाया पड माझ्या वतीनं.

आता जे सांगणार आहे ते खोटं बोलण्यापेक्षाही वाईट आहे. मी इथे दिवसभर पंपाचे रबरी वॉशर तपासते. मापाच्या गेजमध्ये बसला तर पास, नाही तर नापास. पिशवीच्या तोंडाला कडं हवं होतं, म्हणून चार नापास वॉशर रीतसर गेटपास करून घेतले. त्याआधी गावी आले होते तेव्हा आई सकाळी निजलेली असताना दोऱ्यानं माप घेतलं होतं. ते प्रत्येक वॉशरवर लावून पाहिलं, ब्लेडनं भोक अगदी तेवढंच कापलं, केसाचा फरक राहू दिला नाही. वाटलं, जितकं घट्ट बसेल तितकी गळती कमी. रबरी कापडाला ते पंक्चरच्या सोल्यूशननं चिकटवले आणि पट्ट्याला तिच्याच जुन्या लुगड्याचा काठ लावला. इतकी नीट वस्तू मी आजवर केली नव्हती. मला तिचा अभिमानसुद्धा वाटला होता.

संक्रांतीला आले तेव्हा ती कुणाच्या हळदीकुंकवाला गेली नाही. रात्री तिला उठायला हात दिला तर अंग हलकं लागलं. भोगीची भाकरी तिनं माझ्या ताटात सरकवली आणि आपण तिळगुळाचा एक कण जिभेवर ठेवला. गावात तिचं कौतुक चाललंय, तूही ऐकलं असशील. दुष्काळात मालनबाई रेशनच्या लाल मिलो जोंधळ्याची चतकोर भाकरी खाऊन घरच्यांना घास ठेवते, म्हणतात. नीलू, ती घास ठेवत नाही. ती खात नाही, कारण खाल्लं नाही तर पोटातून काही येत नाही, आणि काही आलं नाही तर धुवावं लागत नाही. टँकरचे दोन हंडे मिळतात, त्यातला अर्धा तिच्या पिशवीला जातो म्हणून ती दादांपुढे, स्वतःच्या नवऱ्यापुढे, चोरासारखी वागते. दादा बिचारे राखेची पाटी आणि पाण्याचा तांब्या न्हाणीच्या आडोशाला ठेवून येतात आणि मुद्दाम मोठ्यानं खोकत गोठ्याकडे जातात, म्हणजे तिला कळावं की इथे आता कुणी नाही.

दुसऱ्या दिवशी मी हट्टानं तिचं पोट पाहिलं. माझ्या कड्यानं ते तोंड चहूबाजूंनी कापलं होतं. सोल्यूशननं भोवतालची कातडी भाजल्यासारखी लाल झाली होती. मी रडायला लागले तर तीच माझी समजूत घालते, “कंपनीची वस्तू हाय, आपल्या अंगाला सवय न्हाई. हुईल सवय.” तेव्हासुद्धा माझ्या तोंडून खरं निघालं नाही. ती पिशवी तेवढी मी काढून टाकली, उरलेल्या तीन बरोबर आणल्या आणि तिला पुन्हा चिंध्यांवर सोडून आले.

इथं जवळच नगरच्या दवाखान्यातल्या सिस्टरांना सगळं सांगितलं. त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, “अगं मुली, ते जितं मांस आहे. सकाळी निजून असताना लहान असतं, उठल्या-बसल्यावर फुगतं. त्याला कारखान्याचं माप कसं चालेल?” माझ्या घट्ट बसवण्यानंच घात केला होता. त्यांनी लावायला जस्ताचं मलम दिलं, ते मी दादांबरोबर पाठवलं. खऱ्या पिशव्या मुंबईहून मागवाव्या लागतात. त्यांना डिंकाची मऊ चकती असते, तोंडाभोवती जरा जागा सोडून ती कापायची, मग कातडी जळत नाही. पण त्या दर महिन्याला लागणार, जन्मभर, आणि माझ्या पगारात ते बसत नाही.

मग मी फंडाकडे खरोखर गेले. जे आधी करायला हवं होतं ते. फंडाचे कारकून शामकांतराव भले गृहस्थ आहेत. अविवाहित मुलीची आई फंडात बसते, एवढं त्यांनी लगेच सांगितलं. मग यादी काढली. “चष्मा आहे, कवळी आहे, कुबड्या, लाकडी पाय, हर्नियाचा पट्टा. तुमची ही पिशवी कुठेच नाही, बाई. तुम्ही असं करा, हर्नियाचा पट्टा लिहा. पोट तेच, पट्टाही आलाच. मी मंजूर करून आणतो.” मी तसा अर्ज लिहिला. त्यांच्या टेबलापर्यंत नेला. पण एका खोट्यानं आईचं पोट कापलं होतं, दुसरं लिहून देण्याचं बळ नव्हतं. आणि दर महिन्याला पट्टा कुणाला लागतो? दुसऱ्याच महिन्यात विचारतील. अर्ज तिथेच फाडला. शामकांतराव म्हणाले, “मग वार्षिक सभेत यादी वाढवायची सूचना मांडा. पण सांगून ठेवतो, तीनशे पुरुषांपुढे ही वस्तू काय आणि कुणाला हवी ते बोलावं लागेल.”

सूचना मी लेखी दिली आहे. आमच्या खात्यातले फिटर आसाराम तिला पाठिंबा देणार आहेत. ते म्हणाले, “ताई, चहाभजी यायच्या आत बोला. भजी आल्यावर लोकं कशालाबी हात वर करत्यात, पन ऐकत कुनीच न्हाई.” एवढ्या धास्तीतही मला हसू आलं. पण नीलू, वर्गात कविता म्हणायची वेळ आली की मी तुला पुढे ढकलायचे, तुझ्याइतकं ते कुणाला माहीत?

पत्र लिहिण्याचं कारण आता सांगते. आई वाचत नाही, आणि हे तिला दुसऱ्या कुणाकडून कळता कामा नये. शाळा सुटल्यावर तिला एकटीला गाठ आणि हे सगळं पत्र वाचून दाखव. मी शिवलेलं, कापलेलं, खोटं बोललेलं, काही गाळू नकोस. आणि इथून पुढचं तिच्याकडे बघत वाच. आई, पिशवी मी केली होती, तुझ्या पोटाला माझ्यामुळे लागलं. मला रागाव, पण जेव. पोटभर जेव, धुवायला मी येईन, माझ्या हातांना त्यात काही विटाळ नाही. सभेत “माझी आई” असं म्हणायची मला परवानगी दे. कुणा परक्या बाईसाठी मागितल्यासारखं मला मागायचं नाही. तू “न्हाई” म्हणालीस तर तुझं नाव, आपलं गाव, काही माझ्या तोंडून निघणार नाही, एक बाई आहे एवढंच सांगेन. पण गप्प बसणार नाही. नीलू, ती जे म्हणेल ते तिच्याच शब्दांत लगेच कळव. सभा पुढच्या नाही, त्याच्या पुढच्या रविवारी, १८ फेब्रुवारीला, सकाळी दहा वाजता आहे. त्या दिवशी मी उभी राहणार आहे.

तुझीच,
द्वारका