शेडमधली जुनी मोटरसायकल व इतर वस्तूंची व्यवस्था

हे लिहायला फार उशीर झाला, त्याबद्दल आधी माफी मागतो. माझी थोरली मुलगी गेली पाच वर्षं मागे लागली आहे, "बाबा, काय ते एकदा कागदावर लिहून ठेवा." मी म्हणायचो, उद्या लिहितो. मग कुणाची क्लच केबल तुटायची, कुणाचा ब्रेक लागायचा नाही, आणि ते राहूनच जायचं. आता हात थरथरतो. स्क्रूच्या खाचेतून स्क्रूड्रायव्हर दोनदा सुटतो. म्हणून आज बसलो आहे.

मी खाली सही करणारा, वय शहात्तर, शिक्षण सातवीपर्यंत (परीक्षा दिली, निकाल बघायला गेलो नाही), धंदा गाडी दुरुस्ती, राहणार याच घरात, असं लिहून ठेवतो की माझं डोकं ठिकाणावर आहे. काल डॉक्टरांनी तपासलं. त्यांच्या स्कूटरचा स्टँड मी परवा वेल्डिंग करून दिला आणि स्कूटर सरळ उभी राहते, हाही पुरावा धरावा. माझ्यावर कुणीही जबरदस्ती केलेली नाही. बायको स्वयंपाकघरातून तीनदा डोकावून गेली, पण तिला जबरदस्ती म्हणता येणार नाही.

कलम १. राहतं घर, म्हणजे दोन खोल्या आणि मागची मोरी, बायकोच्या नावे. तिच्या मागे थोरलीच्या नावे. बँकेत जे असेल ते बायकोचं. किती आहे ते तिला माझ्यापेक्षा नीट ठाऊक आहे.

पुढची पत्र्याची शेड मात्र दोघांची आहे. वडील तोंडी सांगून गेले होते, शेड दोघा भावांची. मी ते बावीस वर्षं विसरल्यासारखं केलं. आता लिहितो. रस्त्याच्या बाजूपासून मधल्या खांबापर्यंत माझी, ती थोरलीला. खांबापासून आतली माझ्या धाकट्या भावाची. आतल्या बाजूला छप्पर गळतं. गळकी बाजू मुद्दाम दिली असं कुणी म्हणू नये. तो होता तेव्हा गळत नव्हतं.

कलम २. हत्यारं सगळी थोरलीला. ती शाळेची व्हॅन चालवते आणि ब्रेक स्वतः काढून साफ करते. एकदा व्हॅनचं दार चेपलं तर माझ्याकडे न येता स्वतः ठोकून सरळ केलं. चांगलं केलं होतं. मी तसं बोललो नाही, इथे लिहितो. लाल मुठीचा मोठा स्क्रूड्रायव्हर समोरच्या शिंप्याकडे आहे. अकरा वर्षांपूर्वी मशीनचं पायडल नीट करायला म्हणून नेला. तो या कागदावर साक्षीदार म्हणून सही करायला येईल तेव्हा मागून घ्यावा. हत्यारांतली एकच वस्तू थोरलीला नाही. तिचं पुढे येईल.

कलम ३. माझी स्कूटर दवाखान्यातल्या नर्सबाईंना. त्या पायी जातात. इंजिन उत्तम आहे. सीट फाटलेलं आहे आणि दोरीने बांधलेलं आहे, त्याचं कारण असं. धाकटा भाऊ जेव्हा त्याची ती मोटरसायकल बनवत होता, तेव्हा माझ्या बायकोने तिच्या सीटचं कव्हर शिवून दिलं. सहा दुपारी बसली होती. जाड चामडं, दुहेरी टीप, कडेला गोट. मी म्हणालो, "माझंही सीट फाटलंय, चार वर्षं झाली."

ती म्हणाली, "अहो, तुमची स्कूटर आहे. त्यांचं ते काम बघण्यासारखं आहे."

तेव्हापासून मी ती दोरी सोडली नाही. नर्सबाईंनी हवं तर सोडावी.

कलम ४. बाहेरच्या खोलीतला चौकटीतला फोटो थोरलीला. फोटोत धाकटा आणि त्याची मोटरसायकल आहे. उजव्या कडेला एक कोपर दिसतं, ते माझं आहे. फोटो काढायला आलेला माणूस म्हणाला होता, "काका, जरा बाजूला व्हा, मध्ये येताय." मी माझ्याच शेडमध्ये बाजूला झालो. पण पूर्ण झालो नाही. त्या फोटोग्राफरला माझ्याकडून काहीही मिळू नये. तो काही मागायला येणार नाही, तरी लिहून ठेवलेलं बरं.

कलम ५. आता मोटरसायकल.

तिच्यासाठी सगळं लिहायला बसलो आणि तिच्यापर्यंत यायला चार कलमं लागली. ही गाडी माझ्या वडिलांच्या तरुणपणातली आहे. एकच सिलिंडर, पायाने किक मारायची. धाकट्याने ती भंगारातून आणली, तीन पोती आणि एक हातगाडी भरून. चार वर्षं शेडच्या आतल्या बाजूला बसून त्याने ती उभी केली. नुसती उभी केली नाही, वेगळीच केली. मागचं मडगार्ड कापून आखूड केलं. हँडल खाली आणलं. टाकी तर विकत आणलीच नाही. वाळूच्या पिशवीवर पत्रा ठेवून लाकडी हातोड्याने ठोकून घडवली. ते ठोकणं मला पाठ होतं. जोरात नाही, एकसारखं, जसं कुणी लहान मुलाला थोपटतं तसं.

आणि मी खांबाच्या अलीकडे. पंक्चर, ब्रेक शू, तुटलेल्या केबली, दूधवाल्याची मोपेड, मास्तरांची स्कूटर. या भागातल्या निम्म्या गाड्या माझ्या हाताखालून गेल्या. घर त्याच्यावर चाललं, धाकट्याचं जेवणही. पण नीट दुरुस्त झालेल्या गाडीकडे कुणी वळून बघत नाही. ती नुसती जाते. ज्याची गाडी मी करत असे, तोसुद्धा माझ्याकडे पाठ करून आत बघत बसे. पोस्टमन एकदा म्हणाला, "मिस्त्री, तुमच्या भावाच्या हातात कला आहे हो."

मी त्याच्या मागच्या चाकाचा नट आवळत होतो. म्हटलं, "आणि माझ्या हातात?"

तो म्हणाला, "तुमच्या हातात माझं चाक आहे. नीट आवळा."

सगळे हसले. धाकटाही हसला. मीही हसलो. पण तो नट मी इतका आवळला की पुढच्या वेळी मलाच सुटेना.

मी धाकट्याला विचारलं होतं, "सीट एकच? मागे कुणी बसायचं?"

"दादा, ही गाडी एकट्याचीच आहे. तिचा आकारच तसा आहे."

आकाराबद्दल बोलला. मी ते माझ्याबद्दल धरलं.

ही मोटरसायकल मी धाकट्याला देतो. ती त्याचीच आहे, पण बावीस वर्षं माझ्या दारात आहे म्हणून देतो असं लिहावं लागतं. अट एकच. नेताना ढकलत न्यावी. आमच्या गल्लीत चालू करू नये. चालू केली की आवाज होणार, लोक बाहेर येणार, आणि मी गेल्यावरसुद्धा सगळे तिच्याकडेच बघत उभे राहणार. ते मला नको.

कलम ६. हे कलम साक्षीदारांनी वाचू नये. त्यांच्या सहीच्या वेळी मी यावर पुठ्ठा ठेवणार आहे.

आमच्या घरात वडिलांपासून एक शिस्त आहे. गाडीत जो जे बसवेल, त्याने तिथे आपली खूण ठोकायची. छोटा पोलादी पंच असतो, त्याने लोखंडावर ठिपका उमटतो. वडील म्हणायचे, "बिघडलं तर कुणाला विचारायचं ते कळलं पाहिजे." वडिलांची खूण आडवी रेघ होती. माझा एक ठिपका. धाकट्याचे दोन.

हे वाचणाऱ्याला गाडीतलं कळत नसेल म्हणून सांगतो. इंजिनात ठिणगी कधी पडायची ते एका लहान गोल पाटीवर ठरतं. पाटीला दोन स्क्रू असतात. पाटी केसभर सरकली की ठिणगी उशिरा पडते. गाडी चालू होते, गल्लीत फिरते, कळतही नाही. लांब गेली की तापते आणि चढावर दम सोडते.

जुन्या गाड्यांचा मेळावा होता, तीन तासांच्या वाटेवर. लांबलांबून लोक येणार होते. आदल्या दिवशी दुपारी धाकटा केस कापायला गेला, फोटो निघतील म्हणून. शेडमध्ये मी एकटाच होतो. मी झाकण उघडलं. त्याच्या दोन ठिपक्यांशी पाटी बरोबर जुळवलेली होती. मी ती सरकवली, स्क्रू आवळले, झाकण लावलं आणि मास्तरांच्या स्कूटरकडे वळलो. पंक्चर काढायला लागतो तेवढाही वेळ लागला नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तो गाडी ढकलत परत आला. मेळाव्याला पोचलाच नव्हता; वाटेतल्या घाटात गाडी बंद पडली आणि तो घाट त्याने ढकलतच उतरला होता. सायलेन्सरचा पाइप तापून निळा पडला होता. शर्ट पाठीला चिकटला होता. नवे कापलेले केस धुळीने पांढरे.

म्हणाला, "दादा, माझंच कुठेतरी चुकलं."

मी म्हणालो, "दिखाऊ कामाच्या मागे लागलं की असंच होतं."

हे वाक्य माझं आहे. हे कुणाच्याही नावे करता येत नाही, माझ्याबरोबरच जाईल.

आठ दिवस तो गाडीजवळ बसून होता. नवव्या दिवशी सकाळी पिशवी भरली. बायको म्हणाली, "भाऊजी, असं अचानक?" त्याने दुसऱ्या गावात बसगाड्यांच्या वर्कशॉपमध्ये काम मिळाल्याचं सांगितलं. मला म्हणाला, "दादा, गाडी इथेच राहू दे." मी म्हटलं, राहू दे. तिच्यावर जुनी चादर त्यानेच टाकली.

महिन्याने मी झाकण परत उघडलं. म्हटलं, पाटी जागेवर आणून ठेवावी, म्हणजे कधी कुणाला कळायला नको. आणि जे बघितलं ते आज पहिल्यांदा लिहितो. त्याचे जुने दोन ठिपके होते. त्यांच्या शेजारी एक ठिपका होता. माझा. पाटी सरकवल्यावर माझ्या हाताने सवयीने खूण ठोकली होती आणि मला पत्ता नव्हता. चाळीस वर्षं जे हात करत आले ते त्यांनी केलं. आणि त्या एकट्या ठिपक्याच्या पलीकडे आणखी दोन ठिपके, ताजे, चकचकीत. पाटी मूळ जागी आलेली होती.

म्हणजे त्याने बघितलं. माझी खूण ओळखली. पाटी नीट केली, आपली खूण ठोकली आणि झाकण लावून गेला.

त्या वेळी मला पश्चात्ताप झाला असं लिहिलं तर बरं दिसेल. पण आधी हेवाच वाटला. ठिपके किती सारख्या अंतरावर होते. रागातसुद्धा त्याचा हात हलला नव्हता. पश्चात्ताप नंतर आला, आणि मग गेलाच नाही.

खूण ठोकायची ती विचारता यावं म्हणून. आणि त्याने मला विचारलं नाही. बावीस वर्षं. पत्रं येतात ती "वहिनीस" म्हणून, शेवटी एक ओळ, दादाला नमस्कार. त्या पत्रांचाही मला हेवा वाटतो. बायको वाचत असते, हसते, आणि मी विचारतो, "काय म्हणतो?" ती म्हणते, "बरे आहेत."

दर महिन्याला मी चादर काढतो. गाडी पुसतो, ऑइल बघतो, प्लग काढून किक फिरवतो म्हणजे इंजिन जाम होऊ नये. चालू मात्र एकदाही केलेली नाही. पाटीला हात लावलेला नाही.

कलम ७. इथपर्यंत लिहून झाल्यावर बायको येऊन उभी राहिली.

"भाऊजींना काय दिलंत?"

"गाडी."

"एवढंच?"

"सहा नंबर वाचू नकोस."

"नाही वाचत. पण कागद कपाटात ठेवू नका. त्यांना आत्ता पाठवा. तुम्ही गेल्यावर त्यांनी वाचलं तर उत्तर कुणाला द्यायचं? मला? मी तर तुमच्या दोघांच्या मध्ये निरोप पोचवून दमले."

तिचं बरोबर आहे. म्हणून याची एक प्रत थोरलीच्या हातून धाकट्याला पाठवत आहे. आणि कलम ५ मधली अट मी रद्द करतो. ती हेव्याने लिहिली होती. गाडी ढकलत नेऊ नये. एकदा ढकलून झालेली आहे. गाडी शेडमध्येच चालू करावी आणि सगळ्या गल्लीतून चालवत न्यावी. लोक बाहेर आले तर येऊ देत. मी दारात उभा असेन. कुणी फोटो काढत असेल तर या वेळी बाजूला होणार नाही.

माझा पंच, एका ठिपक्याचा, मी धाकट्याला देतो. थोरलीने वाईट वाटून घेऊ नये. तिने तिची स्वतःची खूण ठरवावी.

याआधी मी काही लिहिलेलं नाही, त्यामुळे रद्द करण्यासारखं दुसरं काही नाही.

सही: मिस्त्री (थरथरलेली आहे, पण माझीच आहे)

साक्षीदार पहिले: समोरचे शिंपी. स्क्रूड्रायव्हर आणायला विसरलो असं म्हणाले. उद्या आणतील.

साक्षीदार दुसऱ्या: दवाखान्यातल्या नर्सबाई. पुठ्ठा का ठेवला म्हणून विचारलं. मी म्हटलं, तुमची स्कूटर खाली लपवली आहे.

ठिकाण: शेड, मधल्या खांबाजवळ. तारीख एकोणीस, मंगळवार, दुपारचे चार.

ता. क. धाकट्या, ही ओळ फक्त तुझ्या प्रतीवर आहे. मध्ये जो एकटा ठिपका आहे तो कुणाचा ते तुला माहीत आहे. आता येऊन विचार. रागावून विचार, कसंही विचार. उत्तर मी तयार ठेवलं आहे, आणि मला फार दिवस ते धरून ठेवता येईल असं वाटत नाही. पेट्रोल आणून ठेवू का, तेवढं लवकर कळव. वहिनीला नको, मलाच कळव.