पायाळूचा पाय

सिन्नर, मळ्यातून
ता. २० ऑक्टोबर २०२४

चि. मनीषास,
आजी नवसाबाईचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

हे पत्र जीपवाल्या यादवच्या हाती देते. फोनवर मला ऐकू येत नाही, आणि समोरच्याला ओरडायला लावलं की शेजारची भागीबाई सगळं ऐकून घेते. साक्षरता वर्गातली अक्षरं आहेत, वाकडी आहेत, हसू नको.

तुझ्या बापाला नाशिकला नेऊन सहा दिवस झाले. तू नर्सिंगला आहेस, तर मला नीट कळव. दसऱ्याचा झेंडू भरताना सावळीरामची पाठ धरली. मला वाटलं उसण भरली. मी पायाळू, जन्मताना पाय आधी आले, म्हणून चाळीस वर्षं अख्खा गाव माझा पाय लावून उसण उतरवून घेतो. त्यालाही पालथा घातला आणि पाठीवर पाय दिला. बाकीचे उठून चहा पितात. हा उठलाच नाही. कमरेखाली मुंग्या आल्या, मग मुंग्याही गेल्या.

एवढंच विचारते, माझ्या पायानं झालं का? गोड लिहू नको, मला आधीच साखर आहे.

माया असू दे.
तुझी आजी


नाशिक
ता. २४ ऑक्टोबर २०२४

ती. आजीस,
मनीषाचा शि. सा. न. वि. वि.

दादांचा एमआरआय झाला. मणक्याचा क्षय निघाला. छातीमागच्या दोन कशेरुका जंतूंनी आतून पोखरल्या होत्या. त्यांतली एक बसली आणि मज्जारज्जूवर दाब आला. परवा ऑपरेशन करून पू काढला, स्क्रू बसवले. संध्याकाळचा तो ताप, उतरलेलं अंग, सगळं यातलंच होतं.

आजी, चूक माझी आहे. दसऱ्याआधी दादा फोनवर म्हणाले होते, सहा महिने पाठ ठणकतेय. मी अस्थिसंस्थेचा पेपर पाठ करत होते. उसण असेल, आजीचा पाय लावून घ्या, म्हटलं आणि फोन ठेवला. क्षयाची लक्षणं त्याच पेपरात मी ओळीनं लिहिली. त्यात मार्कही चांगले आहेत.

डॉक्टरांनी विचारलं तेव्हा दादांनी ओझं उचलताना झालं असं सांगितलं. आईनंही मान हलवली. तूही तेच सांग.

जेवत जा. लोभ कमी होऊ देऊ नकोस.
तुझी मनीषा


सिन्नर
ता. २७ ऑक्टोबर २०२४

चि. मनीषास,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

कशेरुका नि मज्जारज्जू परीक्षेत लिही, मला मणका लिही. चार वेळा वाचलं तेव्हा कळलं. आणि कळलं ते हे, की मी विचारलेल्याला तू बगल दिलीस.

फोनचं मनातून काढ. तू एकोणीस वर्षांची, मी बहात्तरची, आणि पाय माझा होता. डॉक्टरला खरं सांग. खोटं ऐकून तो औषध कसलं देणार? सावळीराम लहानपणापासून असाच. माझ्या हातून माठ फुटला तरी बापापुढे हाच उभा राहायचा.

काल जयराम कंबर धरून आला. दवाखान्यात जा म्हटलं, पाय दिला नाही. म्हातारी माजली म्हणत गेला. जाऊ दे.

खरं कळव, मग लोभ आहेच.
आजी


नाशिक
ता. ६ नोव्हेंबर २०२४

ती. आजीस,
शि. सा. न. वि. वि.

डॉक्टरांना सांगितलं. ते रागावले नाहीत. म्हणाले, मणका पोखरलेलाच होता, वाकताना, शिंकतानासुद्धा बसला असता. मग मी पुढचं विचारलं. तेव्हा म्हणाले, औषधं आधी सुरू झाली असती आणि पाठीवर दाब पडला नसता, तर पाय बहुधा वाचले असते. तुला दोन्ही लिहिलं.

तळपायाला टाचणी टोचली तरी दादांना कळत नाही. पाय परत येतील का, कोणी सांगत नाही. औषधं वर्षभर घ्यायची आहेत. पुढच्या शुक्रवारी घरी सोडतील. पण दादा म्हणतात, मला घोटीला मामाकडे ठेवा, रोज असं बघून आई खचेल. तुझ्याकडे बघायची हिंमत त्यांना होत नाही, असं माझी आई म्हणते.

काय करू ते लिही. राग धरू नकोस.
मनीषा


सिन्नर
ता. ९ नोव्हेंबर २०२४

चि. मनीषास,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

तू खरं लिहिलंस, बरं केलंस. आता त्यावर परत लिहू नको.

घोटी-बिटी काही नाही. तुझ्या मामाच्या घरात त्याची बायकोच त्याला धड जेवायला घालत नाही. सावळीरामला म्हणावं, आई खचायला रिकामी बसलेली नाही. पुढच्या खोलीतला कांदा पडवीत काढला, सुताराकडून पलंग उंच करून घेतला. तुझी आई मळ्यात जाईल, तिला गेलंच पाहिजे. दवाखान्यातल्या बाईनं दर दोन तासांनी कूस बदलायला सांगितलंय, नाहीतर पाठीला जखमा होतात, असं तुझी आई परवा घरी आली तेव्हा म्हणाली. मणका न पिळता कसं वळवायचं ते येशील तेव्हा मला दाखव. दोनदा दाखव, मला एकदा बघून येत नाही.

माझ्याकडे बघायचं नसेल तर भिंतीकडे तोंड करून निजू दे. दोन तासांनी मला त्याला माझ्याकडे वळवावंच लागेल.

शुक्रवारी वाट बघते.
आजी