पेरूची जेली आणि दोन नाके

१ जानेवारी १९०८, सकाळ
पेरू चिरताना जमुनेची आठवण आली. महूच्या छावणीतल्या कॉन्व्हेंटमध्ये आम्ही दोघी बहिणी एकाच स्टुलावर उभ्या राहून सिस्टर अ‍ॅग्नेसच्या जेलीचं पातेलं ढवळत असू. ढवळायची मी, जमुना चमचा चाटायची. सिस्टरने विचारलं की आम्ही दोघी तोंड मिटून नकारार्थी माना हलवायचो. विशेष काही घडलेलं नसायचं. ओठ तेवढे लाल झालेले असायचे.
जमुना जाऊन बरीच वर्षं झाली. तिची सरला माझ्याजवळ असते. चोवीस वर्षांची, आणि कपाळ पांढरं. तिचे दीर विश्वासराव यांचं कन्नौदहून पुन्हा पत्र आलं: बायको आजारी, मुलं चार, सरलेला पाठवून द्या. म्हणजे आयुष्यभर त्यांची चूल.
पाठवणार नाही. जेलीचा कारखाना काढायचा ठरवलं आहे. होळीपर्यंत सरला स्वतःच्या पायांवर उभी राहील. मग तिला बोलवायची कोणाची छाती आहे?

४ जानेवारी
धारहून शरच्चंद्राचं पत्र. (माझ्या चुलतभावाचा मुलगा, तिथे शाळाखात्यात आहे.) मुलींच्या शाळेत इंग्रजी येणारी शिक्षिका हवी आहे, राहायला खोली मिळेल, महिनाअखेर कळवा. सरलाने पत्र दोनदा वाचलं. मी म्हटलं, अगं, दुसऱ्यांच्या मुलींचे शेंबूड पुसण्यापेक्षा कारखान्याची मालकीण हो. ती म्हणाली, मावशी म्हणेल तसं. फार समजूतदार पोर आहे. नकाराचं पत्र मीच लिहून टाकलं, तिला त्रास नको म्हणून.

९ जानेवारी
चूल मांडली, पण घरात नाही. अण्णा (माझे धाकटे दीर, आता घरातले कर्ते) म्हणाले, वहिनी, मडमांचा पदार्थ आपल्या सोवळ्याच्या चुलीवर नको, उद्या वरणाला उकळी फुटायच्या आधी प्रार्थना म्हणावी लागेल. स्वतःच हसले. रस्त्यापलीकडे आमची गवताची जुनी कोठी रिकामी आहे, तिथे मांडली. एका अर्थी बरंच झालं. धूर घरात येणार नाही.
अडचण नावापुरती एकच. आमच्या देवासात राजे दोन: रस्त्याच्या अलीकडे राज्य थोरल्या पातीचं, पलीकडे धाकट्या पातीचं. घर एका संस्थानात आणि चूल दुसऱ्यात. दोन्हीकडे जकातीचे नाके आहेत. पण पेरूवर जकात नाही, मी विचारून आले.

१५ जानेवारी
पहिला घाणा उतरला! रंग असा की खिडकीशी धरली तर भिंतीवर लाल कवडसा पडतो. सरलाने सवयीने चमचा चाटला, अगदी तस्साच. मला एकाएकी धूर लागला म्हणून मी बाहेर जाऊन आले.
इंदूरहून पाचशे लेबलं छापून आणली. इंग्रजी अक्षरं, सोनेरी वेल. आपला देश गरीब का, याचा आज उलगडा झाला. आपल्याकडे माल उत्तम आहे. लेबल नाही.

२० जानेवारी, दुपारी
बाटल्या टोपलीत भरून घरी निघालो. धाकट्या पातीच्या नाक्यावर उमाशंकर बसतो. बाटली उलटसुलट करून म्हणाला, बई, म्हारा कागद में जेली को खानो नी हे. (खानो म्हणजे रकाना.) अंगरेजी लिख्यो हे, तो विलायती माल. मी म्हटलं, अरे, तुझ्या डोळ्यांसमोर शिजली! तो म्हणाला, शिजी तो शिजी, बई, पण बोले तो अंगरेजी. विलायती मालाची जकात दिली.
रस्ता ओलांडला. थोरल्या पातीचे चिंतामणराव फार सभ्य गृहस्थ. म्हणाले, काकू, हे फळ म्हणावं तर शिजवलेलं आहे, तेव्हा मिठाईत बसतं. मिठाईची जकात दिली.
दोघांचेही नियम आपापल्या जागी बरोबर आहेत. राग मानायचं कारण नाही. त्यांना फक्त कोणी समजावून सांगितलेलं नाही. आजच मेमोरँडम लिहायला घेते.

२४ जानेवारी
मेमोरँडमच्या दोन नकला दोन्ही दरबारांकडे गेल्या. मुद्दा सोपा: घरात केलेल्या वस्तूला रस्ता ओलांडताना दोनदा कर पडला, तर वस्तू करणारा हात थांबतो, हात थांबला की कर कोणाकडून घेणार? सरलाने सुवाच्य अक्षरात नकला केल्या. अक्षर काय सुंदर आहे मुलीचं. अण्णांनी वाचून विचारलं, वहिनी, उद्यापासून दरबारचे दिवाण तुम्हीच का?
धारची मुदत आठवड्यात संपते. आपल्याला काय त्याचं.

२ फेब्रुवारी
इंदूरला जाऊन आले. टांग्यात पाठ मोडली. वाटेत होळकरी हद्दीत तिसरा नाका लागला, तिथे जेली ‘किरकोळ जिन्नस’ ठरली.
छावणीजवळच्या बोहऱ्याच्या दुकानात फळीवर विलायती जॅमचे डबे. किंमत माझ्या बाटलीहून कमी! बोहरी शेठ भला माणूस. चहा देऊन म्हणाला, बाईसाहेब, हा डबा बोटीतून आला, मुंबईला शेकडा पाच जकात भरली आणि सुटला. बंदरातून आत येणाऱ्या मालाला रेल्वेचं भाडं सवलतीचं. तुमच्या देवासला रेल्वे नाही, टांगा आहे. आणि टांग्याला तीन नाके. शिवाय तिकडे कारखान्यात साखर गाडीने येते, तुम्ही शेराने घेता. समुद्रापलीकडचा डबा इंदूरला माझ्यापेक्षा जवळ आहे, हे मला तिथे बसून समजलं.
परतताना विचार केला: इंदूरच नको. देवासचे लोक काय खात नाहीत?

१० फेब्रुवारी
देवासचे लोक खात नाहीत. सुभेदारांच्या घरी दिलेली बाटली त्यांच्या पत्नीने गळवावर लावली. गुण आला म्हणतात. निरोप आला की आणखी असेल तर पाठवा.
अण्णांचं नवं. म्हणाले, वहिनी, बंगालात लोक विलायती मिठालासुद्धा शिवत नाहीत आणि तुम्ही जावा बेटातली साखर ओतता. ती हाडांच्या कोळशाने साफ करतात, माहीत आहे? माहीत नव्हतं. देशी खांडसरी परवडत नाही. पण गूळ आहे! आष्ट्याकडचा गूळ, आपली चूल, आपला पेरू. आता जेली खरी स्वदेशी होईल आणि इंग्रजी लेबलाचा प्रश्नच मिटेल. सरला हळूच म्हणाली, मावशी, गुळाने ती धरेल का? धरेल. सिस्टर अ‍ॅग्नेसला गूळ ठाऊक नव्हता, एवढंच.

२५ फेब्रुवारी
हंगामाचे शेवटचे सगळे पेरू संपवले. जेली काळी झाली. थोडी पातळही. बिनलेबलाची नाक्यावर नेली. उमाशंकरने बोट बुडवून वास घेतला. आता ती त्याच्या मते मळीसारखी दिसते. मळीपासून दारू होते. तेव्हा हा प्रश्न आबकारीकडे जातो. चिंतामणरावही पलीकडून आले. म्हणाले, काकू, आमच्याकडे मिठाईच, पण त्यांचा निकाल लागेपर्यंत मी आत घेऊ शकत नाही.
सबंध माल नाक्याच्या पत्र्याच्या खोलीत ठेवला आहे. सरला रिकाम्या टोपल्या एकात एक घालत होती. मी तिला समजावलं की गोदामाचं भाडं वाचलं आणि वर शिपायाचा पहारा.

१९ मार्च
होळी झाली. कारखान्याचं उत्पन्न अजून सुरू झालेलं नाही. होळी म्हणताना मी कोणती होळी ते ठरवलं नव्हतं.
दोन्ही बाजूंच्या कारभाऱ्यांनी जेलीचा निकाल एकत्र बसून लावायचं मान्य केलं. पण बसायचं कोणाच्या हद्दीत? शेवटी रस्त्याच्या मधोमध खुर्च्या मांडल्या. तेवढ्यात कापसाच्या गाड्या आल्या, खुर्च्या उचलल्या. पुढची तारीख कळवणार आहेत. काम पुढे सरकतं आहे.
विश्वासरावांचं पत्र. धाकटा मुलगा तापाने आजारी. सरलाने ते पत्र माझ्या आधी उघडलं.

११ एप्रिल
उन्हाळा कडक. पत्र्याच्या खोलीकडून जाताना आंबूस वास आला. बहुधा गटाराचा.
संध्याकाळी तांदूळ निवडायला बसलो असता सरलाने विचारलं, मावशी, धारची जागा अजून रिकामी असेल का गं? सहज विचारलं असं म्हणाली. मीही शरच्चंद्राला सहज लिहिलं.

६ मे, दुपारी
भयंकर प्रकार. जेवणं होत होती आणि नाक्याकडून धडाधड आवाज. शिपाई बॉम्ब, बॉम्ब म्हणून ओरडत रस्त्यावर आला. गेल्या आठवड्यात बंगालकडचा बॉम्ब पेपरात वाचला होता, त्यामुळे दुकानं बंद झाली आणि अण्णा ताटावरून उठून माजघरात गेले. पत्र्याखाली तापून जेली आंबली होती. बाटल्या एकामागून एक फुटत होत्या. मेणाची झाकणं छताला चिकटली.
सरला दारात उभी राहून ऐकत होती. शेवटची फुटेपर्यंत हलली नाही.

८ मे
एका दिवसात निकाल लागला. दोन्ही पात्यांचं एकमत: दारू. चिंतामणराव म्हणाले, काकू, माझ्या नोकरीत दोघांचं असं पहिल्यांदाच जुळलं. डोळे पुसत होते, हसून की कसे ते कळलं नाही. अण्णांनी जाऊन जामीनकी दिली म्हणून दंड माफ. येताना हातातली छत्री माझ्यावर धरली. उरलेला माल गटारात ओतला. बाजारातला सांड तिथे बसून आहे, उठवला तरी उठत नाही.
शरच्चंद्राचं उत्तर आलं. धारची जागा फेब्रुवारीतच भरली. बदनावरची कोणी कमल म्हणून मुलगी. इंग्रजी बेताचं आहे, पण वेळेवर आली.

१३ मे
मी म्हटलं, पुढच्या हंगामात चूल घरात मांडू, अण्णांची समजूत घालीन, साखर वापरू, लेबल मराठीत छापू. सरला लुगड्यांच्या घड्या करत होती. म्हणाली, मावशी, तिथली चार पोरं आहेत, त्यांचं तरी कोणीतरी करायला हवं ना. मग म्हणाली, तू रडू नकोस, मी काही रागावून जात नाही.
मी कुठे रडत होते.

१८ मे
सरला काल पहाटे गेली. विश्वासरावांनी छकडा पाठवला होता. पहिल्या घाण्यातली एक बाटली मी फळीवर जपून ठेवली होती, ती तिच्या टोपलीत दिली. नाक्यापर्यंत मी बरोबर गेले.
चिंतामणरावांनी नियमाप्रमाणे टोपली पाहिली. बाटली वर काढली. मला वाटलं, झालं. त्यांनी विचारलं, ताई, हे काय म्हणून लिहू? सरला म्हणाली, मावशीने वाटेला खाऊ दिलाय. चिंतामणरावांनी बाटली तिच्या फडक्यात परत गुंडाळून ठेवली. म्हणाले, खाऊवर जकात नाही. पलीकडून उमाशंकरनेही मान हलवली, नी हे, बई.
पाच महिन्यांत मला हे कोणीच सांगितलं नाही. मीही कधी तसं म्हटलं नव्हतं.
गाडी वळेपर्यंत उभी राहिले. आज कोठी रिकामी करायची आहे. अण्णांना सांगून ठेवते ते इथे लिहिते, नाहीतर विसरेन.
तांब्याचं पातेलं चिंतामणरावांच्या घरी द्यावं, त्यांच्याकडे लग्न आहे. धड राहिलेल्या बाटल्या सरकारी दवाखान्यात. मेण उमाशंकरला, त्याच्या टाचा फार फुटतात. मेमोरँडमच्या नकला बंबात घालाव्यात. लेबलं पाठकोरी आहेत. शाळेतल्या मुलींना बेरजा करायला द्यावीत, सोनेरी बाजू खाली. सुभेदारांकडे निरोप, गळवासाठी आता काही उरलेलं नाही.
लाकडी चमचा, महूचा, टोपलीत घालायचा राहून गेला. कन्नौदकडे कोणी जाणारं भेटलं तर सरलेला पोचवावा.
तिची इंग्रजी रीडरं आणि डिक्शनरीही त्याबरोबरच. इथे कोणाला देऊ नयेत. धारहून पुन्हा कधी पत्र आलं तर ते न उघडता तिच्याकडे पाठवावं. उत्तर तिचं तिने लिहावं.